अय्यूबभाईंचे दोन देश

पेण ते रोहा या पट्ट्यात औषधाच्या गोळ्या विकता विकता माझंच पोट बिघडलं, आणि ते ताळ्यावर आणलं गडबच्या अय्यूबभाईंच्या खानावळीनं. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, आणि नशीब जोरावर असेल त्या दिवशी जिताडा माशाचं कालवण. शिवाय मालकांचं अर्थशास्त्र फुकट. ते मात्र रोज मिळायचं, त्याला नशीब लागत नसे.

अय्यूबभाई मूळचे रोह्याचे, गडब ही त्यांची सासुरवाडी. तारुण्य सगळं आखातात ट्रेलर चालवण्यात गेलं, तेही शेजारशेजारच्या दोन देशांत. त्या देशांची नावं ते कधी घेत नसत. ज्याचं मीठ खाल्लं त्याची नाव घेऊन निंदा करायची नाही, हा त्यांचा नियम. निंदा मात्र भरपूर करत. म्हणून एक देश 'अलीकडचा' आणि दुसरा 'पलीकडचा'.

दोन्हीकडं तीच वाळू, तोच समुद्र, तीच भाषा. तेल तर अलीकडच्याकडं जास्तच. तरी अय्यूबभाईंच्या डोळ्यांदेखत पलीकडचा देश भराभर पुढं गेला आणि अलीकडचा होता तिथंच बसून राहिला. असं का व्हावं, हा त्यांचा आवडता सवाल. नागोठण्या-रोह्याच्या कंपन्यांचा माल नेणारे ड्रायव्हर भाकरी मोडता मोडता उत्तरं द्यायचे. कुणी म्हणे राजा हुशार असेल, कुणी म्हणे नशीब. अय्यूबभाई सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि मग आपलंच खरं करत.

त्यांचं म्हणणं असं, की अलीकडच्या देशात कामगाराला मालक सोडून जाता येत नसे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. दुसरीकडं जादा पगार मिळत असला तरी परवानगी मालकाचीच लागायची. माणसं कुठं जाणारच नाहीत म्हटल्यावर मालकानं गाड्या नीट कशाला ठेवाव्यात, पगार कशाला वाढवावा? अय्यूबभाईंचीही तिथं बरीच वर्षं गेली. सोडा म्हटलं की त्यांचा शेख प्रेमानं बसवायचा, चहा पाजायचा आणि म्हणायचा, बघू. तो वारला तेव्हा त्याच्या मुलानं यांना मोकळं केलं.

पलीकडं पूर्वी असंच होतं, पण तिथं कायदा बदलला. आगाऊ सांगून कामगाराला कुठंही जाता येऊ लागलं. मालकांनी बोंब ठोकली, एकदोघे बुडालेही. उरलेल्यांनी माणसं टिकावीत म्हणून पगार वाढवले, नव्या गाड्या आणल्या. हाताखालचे मेकॅनिक बाहेर पडून स्वतःची गॅरेजं टाकू लागले.

एकदा मी म्हटलं, इतकं सोपं नसतं हो, बंदर कुणाकडं आहे, लढाई कुणाच्या दारात आहे, हेही बघावं लागतं. "ते पन हाय," असं म्हणून त्यांनी मला उसळ वाढली आणि गाडी पुन्हा शेखवर नेली.

आता या खानावळीची चव म्हणजे नम्रताच्या हाताची चव. मिठागरावर राबणाऱ्या घरातली बाई, रोज कासूहून यायची. खानावळ उघडली त्या दिवसापासून चूल तिच्याकडं होती. अय्यूबभाईंच्या पत्नी सायराभाभी गल्ल्यावर बसायच्या आणि अय्यूबभाई बोलायचे. त्यांना स्वतःला चहासुद्धा धड जमत नसे.

गेल्या दिवाळीनंतर समोरचा टायरवाल्याचा गाळा रिकामा झाला आणि नम्रतानं तो मागितला. तिला स्वतःची खानावळ काढायची होती. गाळा काळुरामचा, आणि काळुराम अय्यूबभाईंचा जुना दोस्त. तो तिला म्हणाला, अय्यूबभाईच्या पोटावर पाय देऊन मला भाडं नको. त्याला विचार, तो हो म्हणाला तर गाळा तुझा.

म्हणजे सगळं अय्यूबभाईंच्या एका शब्दावर आलं. आजूबाजूचे दुकानदार सांगून गेले, आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेऊ नका. अय्यूबभाईंनी नम्रताला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, बघू. पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं, तेव्हाही तेच. ती आत जायची आणि वाटण वाटायला बसायची. तिकडं नागोठण्याचा एक मोबाइलवाला त्याच गाळ्यासाठी काळुरामच्या मागं लागला होता. मला तिची दया यायची, पण खरं सांगतो, माझ्या पोटाचा कौल अय्यूबभाईंच्या बाजूनं होता.

एका दुपारी बाकं भरलेली, आणि अय्यूबभाई एका नव्या ड्रायव्हरला शेखची गोष्ट सांगत होते. चहापर्यंत आले, 'बघू'पर्यंत आले. तेवढ्यात गल्ल्यावरून सायराभाभी मान वर न करता म्हणाल्या, "त्या शेखात आनि तुमच्यात फरक काय, ते बी सांगा की त्याला."

ड्रायव्हर हसले. अय्यूबभाई हसले नाहीत. तू तुझा गल्ला सांभाळ, असं भाभींवर खेकसून ते मागच्या नळावर गेले आणि हात धुतलेले असताना पुन्हा धूत बसले. त्यांना भयंकर राग आला होता. मग चपला सरकवून ते थेट रस्ता ओलांडून गेले. मी अर्धं जेवण टाकून मागोमाग. अशी गोष्ट पाहायची सोडणारा माणूस मी नव्हे.

काळुराम त्या गाळ्याशेजारच्या आपल्या दुकानाच्या बाकड्यावर आडवा झाला होता. गाळा नम्रताला दे, माझी हरकत नाय, असं अय्यूबभाईंनी त्याला सांगितलं. काळुराम उठून बसला आणि म्हणाला, "आनि तुजी खानावळ?"

"सैपाक शिकावा लागंल," अय्यूबभाई म्हणाले.

परत येऊन त्यांनी नम्रताला सांगितलं. नारळाची वाटी हातात तशीच धरून ती उभी राहिली.

"चाचा, राग नाय ना?"

"हाय," ते म्हणाले. "पन तू जा गो."

नम्रताची खानावळ पहिल्या दिवसापासून चालली. अय्यूबभाईंचा पहिला महिना कसा गेला ते विचारू नका. उसळ करपायची, भाकऱ्यांचे नकाशे व्हायचे. मी हेल्मेट न काढताच समोर जेवायला शिरायचो, आणि त्यांनी मला ओळखल्यावर काढून शिरायला लागलो. पण माणूस हटला नाही. सायराभाभींनी गल्ला सोडून शुक्रवारचा खिमा सुरू केला. भिंतींना रंग लागला. चुलीवर पुतळी नावाची नवी बाई आली आणि तिनं न मागता अय्यूबभाईंनी तिचा पगार वाढवला. नम्रता होती तेव्हा हे एकदाही घडलं नव्हतं, आणि ते त्यांना कळतं. मध्यंतरी म्हणाले, आपण त्या पोरीला लई स्वस्तात राबवली.

परवा मी त्यांच्या दारात उभा असताना एक ट्रेलर थांबला. ड्रायव्हर नवखा होता. त्यानं दोन्ही पाट्या वाचल्या आणि अय्यूबभाईंनाच विचारलं, जेवण चांगलं कुठं मिळेल, इथं की समोर?

अय्यूबभाईंनी आत पातेल्याकडं पाहिलं, मग समोरच्या गर्दीकडं पाहिलं.

"आज तिकडं जा," ते म्हणाले. "म्हैन्याभरानं आलास की इकडं ये."