प्रेससमोर परत

प्रेस मशीनमध्ये माझा उजवा हात चेंगरला, त्यानंतर काही महिन्यांनी साताऱ्याच्या कारखान्यानं मला तपासणीला बोलावलं. कामावर घ्यायचं की नाही, ते डॉक्टर मॅडम ठरवणार होत्या. आटपाडीहून एसटीनं येताना मी सारखी मूठ वळून बघत होतो. जमलं नाही तर नारळ मिळणार, हे ठाऊक होतं.

मॅडमनी मूठ आवळायला लावली, मालानं भरलेला क्रेट उचलायला लावला. घाम फुटला, पण जमलं. मग त्या मला माझ्या मशीनपाशी घेऊन गेल्या. तिथं दुसरा कामगार होता. प्रेसचा दट्ट्या धाडकन खाली आला आणि माझा हात आपोआप पाठीमागं गेला.

"आवं मॅडम, हात बरा हाय," मी घाईनं म्हणालो.

"हाताचं बघितलं मी. भीती वाटते का?"

नाही म्हणायचं घरूनच ठरवलं होतं, पण तोंडून "लय वाटती" असंच निघालं. आता घरी पाठवणार, असंच वाटलं. मॅडमनी मला आधी पॅकिंगला लावायला सांगितलं, आणि रोज थोडा वेळ बंद मशीनपाशी उभं राहायला.

दिवाळीनंतर मी पुन्हा प्रेसवर बसलो. पहिला पत्रा सरकवताना हात मधेच थांबला. शेजारचा कामगार आपलं मशीन थांबवून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.