ट्रकखाली आलेला बाप

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं जर्मनीत राहून हा माणूस असा कसा? हे बायकोने आधीच विचारून झालंय, त्यामुळे तुम्ही विचारू नका. चहा घ्या आणि ऐका. लोक घरातल्या घरात माती खातात. मी ती भर सभागृहात, दिव्यांच्या झोतात खाल्ली.

अश्विनी, म्हणजे माझी बायको, तेव्हा पुण्याला गेली होती, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. फ्रँकफर्टच्या घरात मी आणि आमची रेवा, दोघंच. रेवा पंधरा वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमच्याकडे पद्धतच पडलीय. बाकी वेळ ती दार लावून मांगा वाचत असते. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, इथे जर्मनमध्ये मिळतात. पोरगी वाचतेय यातच मी खूश होतो. काय वाचतेय, ते कोण बघतंय?

एका संध्याकाळी वाळलेले कपडे द्यायला तिच्या दारापाशी गेलो, तर आत फोनवर बोलणं चाललेलं. अगदी शांतपणे ती कुणाला तरी जर्मनमध्ये सांगत होती, "नाही, शनिवारीच. मी रस्त्यात उभी राहते, ट्रक येतो आणि मी मरते."

दार वाजवायला उचललेला हात खाली आला आणि मी कपड्यांसकट स्वयंपाकघरात येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी मला होमऑफिस होतं, म्हणजे घरूनच काम. ती शाळेत गेल्यावर मी तिच्या खोलीत शिरलो. शिरण्याआधी दार वाजवलं. आत कुणी नाही हे माहीत असूनही वाजवलं. या देशाने इतकं तरी वळण लावलंय. उशीपाशी तिची लाडकी मांगा होती. ती उचलली आणि आपण कुठलंही पुस्तक उघडतो तशी उघडली.

पहिल्याच पानावर एक पोरगा, रेवाच्याच वयाचा. डोक्यावर मुकुट, हातात तलवार, मागे ड्रॅगन, भोवती जिवाभावाचे मित्र. म्हटलं, छान चाललंय की. पण पुढे त्याचं नशीबच फिरलं. आधी मुकुट गेला, मग ड्रॅगन. मग एकेक मित्र असा सुटत गेला की पुढच्या पानांवर ओळखही दाखवीना. तलवार गेली, चिलखत गेलं. पोरगा एकटाच एका माळावर पालथा पडलेला. त्यानंतर शाळेचा गणवेश, पाऊस, सामसूम रस्ता. शेवटच्या पानावर ट्रकचे दोन दिवे. संपलं पुस्तक!

संवाद जरा विचित्र होते म्हणा. माणसं आधी उत्तर द्यायची आणि मग समोरचा प्रश्न विचारायचा. मला वाटलं, जपानी शैली असेल.

अश्विनीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, मग सरळ तिला विचार ना." आता तुम्हीच सांगा, अशा गोष्टी सरळ विचारतात का? मी इंटरनेटवर शोधलं. तिथे मला जे दिसलं त्याने होती नव्हती ती झोपही उडाली. सरळ विचारा असं तिथेही लिहिलेलं असणार, पण घाबरलेल्या माणसाला नेमकं हवं ते दिसत नाही.

जेवताना वरणभात वाढता वाढता मी आडूनच विषय काढला. म्हटलं, रेवा, तुला कधी हे जग सोडून दुसऱ्या जगात जावंसं वाटतं का गं? तिचे डोळे लकाकले. "क्लार!" म्हणाली. म्हणजे अर्थातच! वर म्हणाली, कुणाला नाही वाटणार? शनिवारी कुठे जाणार, असं विचारल्यावर मात्र ती ताटात बघू लागली. मग म्हणाली, शनिवारी मी बाहेर आहे. बाबा, प्लीज, तू येऊ नकोस.

आपण पोरीला या परक्या देशात वाढवलं, ती आतून इतकी एकटी पडली आणि आपल्याला पत्ता नाही. मला भीती वाटत होती, आणि लाजही वाटत होती.

शनिवारी ती निघाली ती पांढरा शर्ट, टाय आणि निळा कोट घालून. जर्मनीत शाळांना गणवेश नसतो. हा त्या शेवटच्या पानावरच्या पोराचा गणवेश होता! मी जिन्यात थांबून तिला पुढे जाऊ दिलं आणि मग मागे लागलो. ट्राममध्ये मी मागच्या डब्यात, टोपी डोळ्यांवर ओढून. उतरल्यावर ती एका जुन्या गोदामासारख्या इमारतीत शिरली. पुढच्या दारात एक बाई तिकीट मागू लागली. तिकीट कसलं, हे विचारण्याइतकं भान कुणाला होतं? मी वळसा घालून मागच्या दाराने घुसलो.

आत काळोख. मी चाचपडत चाललो होतो. एक पडदा बाजूला सारला आणि बघतो तर समोर रेवा, त्याच गणवेशात, एकटी उभी. पलीकडून दोन दिवे तिच्याच अंगावर येत होते. कर्कश हॉर्न वाजत होता. ती हलत नव्हती.

"रेवाऽऽ!"

मी झेप घेतली. तिला कवटाळलं, वळलो आणि ट्रक पाठीवर घेतला. ट्रक फाटला. पुठ्ठ्याचा होता. आतून तिच्या दोन मैत्रिणी, ऑफिसात असते तशा चाकं लावलेल्या खुर्चीसकट, आमच्या अंगावर कोसळल्या.

सगळे दिवे लागले. समोर भरलेलं सभागृह. कुणी हसलं नाही, टाळी वाजवली नाही. जर्मन माणसं शिस्तीने वाट बघत होती, हे नाटकात आहे की नाही ते कळण्याची. मी तिला सोडत नव्हतो. रडत होतो, सांगायला लाजत नाही.

माझ्या काखेतून आवाज आला, चक्क मराठीत. "बाबा, हे पहिलं पान आहे."

पुढचं तिने तिथेच, पुठ्ठ्याखाली समजावलं. हे तिने आणि मैत्रिणींनी त्याच मांगावरून बसवलेलं नाटक होतं. मांगा उजवीकडून वाचतात, म्हणजे आपलं शेवटचं पान ते तिचं पहिलं. पोरगा सुरुवातीलाच ट्रकखाली येतो आणि दुसऱ्या जगात जातो. मग तलवार, मित्र, ड्रॅगन आणि शेवटी मुकुट. मी पोराचं सगळं राज्य उलटं वाचून धुळीला मिळवलं होतं. मग तिला शंका आली. "तू माझ्या खोलीत गेलास?"

"दार वाजवलं होतं."

"मी शाळेत होते, बाबा."

मग ती हळूच म्हणाली, "मला कुठे जायचं नाहीये." एवढं ऐकलं आणि मी तिला सोडलं.

पण ट्रक मोडला होता, आणि पुढच्याच आठवड्यात कोलोनला दुसरा प्रयोग. नवा करायला वेळ नाही. मुलींनी शिक्षा ठरवली: ट्रक बाबा होईल. काळे कपडे, दोन्ही हातांत सायकलचे दिवे, हॉर्न तोंडाने. तालमीत रोज एकच तक्रार. तिच्याजवळ आलो की माझे पाय आपोआप थांबायचे. "बाबा, तू ब्रेक मारलास तर मी मरणार कशी? आणि मी मेले नाही तर गोष्ट पुढे कशी जाणार?" पटायचं मला. पण पायांना कोण पटवणार?

कोलोनला हॉल गच्च भरलेला. अश्विनी पुण्याहून येऊन पहिल्या रांगेत बसलेली. मी हॉर्न वाजवत सुसाट सुटलो आणि पोरीपासून हातभर अंतरावर गच्चकन थांबलो. रेवाने थोडी वाट पाहिली. मग शेवटी तीच धावत येऊन ट्रकला धडकली.