आमच्या तांबड्या कुत्रीची कंबर

अन्याय झाला तो आमच्या तांबड्या कुत्रीवर. पहिल्या निवडणुकीला दोन वर्षं झाली होती. संक्रांतीच्या करीचा दिवस, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाचा सकाळचा भोंगा नुकताच होऊन गेलेला. जागा, कारंजा गावातली आमची गल्ली. करणारे कोण, तर तापल्या लोखंडानं बैलांना डाग देणारा एक म्हातारा, त्याला बोलावून आणणारे शेजारी, आणि कुत्रीचं डोकं गुडघ्यांत दाबून धरणारा मी.

मी स्वतःला शेवटी घातलं म्हणून माझा वाटा लहान समजू नका. त्या दिवशी माझ्या पिशवीत आम्ही गावातल्या पोरांनीच छापलेली पत्रकं होती. लेकरांच्या पोटावर डाग देऊ नका, दवाखान्यात न्या, असं त्यांत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. भरबाजारात उभा राहून मी ती वाटत होतो, अंगावर येणाऱ्यांशी भांडत होतो. लेकरांना डागू नये हे मला कळत होतं. कुत्रीलाही तेवढंच भाजतं हे पत्रकात नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यातही नव्हतं.

माझे वडील जिनात चौकीदार, आणि तांबडी त्यांच्यासोबत राखणीला. कापसानं भरलेल्या बैलबंडीवर ती चढून बसायची आणि बंडी थांबली की वरून थेट खाली उडी. त्या आठवड्यात तिनं अशीच उडी मारली आणि केकाटून जागीच बसली. मग पाठीची कमान झाली, मान खाली गेली. ओट्याची एक पायरी चढवेना. पोटाखाली हात घातला की दात दाखवायची. सगळ्यांचं एकच निदान, कमरेत वारं भरलं. म्हाताऱ्यानं आमच्याच चुलीत गवत कापायचा इळा लाल केला आणि तिच्या कमरेवर दोन आडवे डाग ओढले. दुसऱ्या दिवशी ती मागचे दोन्ही पाय फरफटत मोरीकडे सरकली.

म्हातारा पाहून म्हणाला, "वारं खोल गेलं. आठ दिवसांनी येतो, अजून दोन देतो. तरी नाही उठली तर नाल्यापल्याड सोडून द्या."

आता आमच्या हातात आठ दिवस होते. टोपल्यात घालून मी तिला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं आधी भाजलेली कंबर पाहिली, मग मला पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"आम्ही."

"शिकलेला दिसतोस."

त्यांनी चिमट्यानं तिच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. तिनं पाय हळूच ओढला आणि मान वळवून पाहिलं. "दुखलेलं कळतं हिला," ते म्हणाले. "मणक्यांमधली गादी सरकली असेल, शिरेवर दाब आहे, पण शीर मेली नाही. दीड महिना हलू देऊ नको. चालवून पाहा म्हणणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नको."

दीड महिना कुत्रं एका जागी ठेवायचं कसं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगितलं शेजारच्या पिंजारी चाचानं. तो धनुकीनं कापूस पिंजून गाद्या भरायचा. माझ्या मायला म्हणाला, "भाबी, धनुकी चालवू चालवू माही कंबर धरली होती, आठवते ना? मऊ गादीवर निजलो असतो तर उठलो नसतो. गाद्या भरणारा मी, अन् महिनाभर फळीवर पडून होतो."

त्यानं फळ्यांचं एक बुटकं खोकं ठोकलं. तिला कूस बदलता यावी, पण उडी मारता येऊ नये, एवढंच. तळाला फळी, वर घट्ट दाबलेल्या कापसाचा एक पातळ थर, त्यावर तरट. माय दिवसातून अनेकदा तिची कूस बदलायची, डागांवर खोबरेल लावायची. बाहेर काढताना जुन्या लुगड्याची घडी पोटाखालून घालायची, म्हणजे पाठ सरळ राहायची. एकदा मी नुसतं पुढून उचललं, तर म्हणाली, "अर्धीच उचलशील तर तुले अर्धंच जेवण."

आठव्या दिवशी म्हातारा आला. माय दारात तूर निवडत बसली होती, ती उठली नाही.

"चूल पेटली का बाई?"

"पेटली. भाकरी टाकाच्या हायेत."

"मंग इळा ठेवू दे."

"इळा बाहीरच राहू द्या, बाबा."

"कुत्री मरन तुमची."

"मरन तं माह्या हातानं मरन."

"पोरानं पत्रक वाचून दाखवलेलं दिसते."

"मले वाचता येत नाही. तिच्या कमरेवर तुमी जे लिहिलं तेवढं दिसलं."

चाचा आपल्या ओट्यावरून म्हणाला, "काका, वाकून तं तुमी बी चालून राह्यले. तुमच्या कमरेले कोणी इळा काहून नाही लावला?" गल्ली हसली. म्हातारा हसला नाही, पण गेला.

गल्लीनं आम्हालाही सोडलं नाही. खोक्यातली बाळंतीण कशी आहे, म्हणून बायका मायला रोज विचारायच्या. ती म्हणायची, "न्हाऊ घालाले येता का?" तिसऱ्या आठवड्यात शेपटीचं टोक हललं. मग एके सकाळी मागच्या पायानं तिनं कान खाजवायचा प्रयत्न केला आणि नेम चुकला. होळीच्या आधी मायनं खोक्याची एक फळी काढली. तांबडी उभी राहिली, मागचा भाग लटपटला, बसली. परत उभी राहिली आणि चार पावलं टाकून चाचाच्या ओट्यापाशी गेली. डावा पाय थोडा घासायचा, तो पुढेही घासतच राहिला. बंडीवर मात्र वडिलांनी तिला पुन्हा चढू दिलं नाही.

मी सभा गाजवल्या आहेत, मोर्च्यात पुढे चाललो आहे. पण मला अभिमान आहे तो एका निरक्षर बाईचा आणि एका पिंजाऱ्याचा. एकीनं दार अडवलं, दुसऱ्यानं फळ्या ठोकल्या. त्या उन्हाळ्यात ज्यांनी म्हाताऱ्याला बोलावलं होतं तेच शेजारी आपल्या लंगड्या शेळीसाठी चाचाकडे खोक्याचं माप विचारायला आले, आणि चाचानं लगेच फळ्या बाहेर काढल्या.

आता तुम्ही. तुमच्या गल्लीत ज्या जनावराची कंबर धरली आहे ते तुम्हाला माहीत आहे. आजच तिथे जा. उद्या जरा चालवून पाहतो म्हणणाऱ्याच्या हातून दोरी काढून घ्या, जनावराला फळीवर निजवा, आणि दीड महिना त्याची कूस बदला.