लेंड्या, खराटा आणि मशीन

शेणाच्या वासाला कंटाळून मी लग्न करून मुंबईला आले, असं मी गमतीनं सांगायचे. त्यात गंमत निम्मीच होती. माहेरी कोकणात रोज सकाळी गोठा काढायचं काम माझ्याकडे होतं. परळच्या गिरणीत कामाला असलेलं स्थळ सांगून आलं, तेव्हा मी मुलगा कसा आहे हे विचारायच्या आधी तिथे गुरं आहेत का हे विचारलं होतं. नव्हती. लालबागच्या चाळीतली एक खोली होती आणि मी खूश होते.

आता त्या चाळीच्या जागेवर टॉवर आहे आणि मी त्यात विसाव्या मजल्यावर एकटी राहते. नवरा गेला, चाळ गेली, मुलगा न्यूझीलंडला गेला. तिकडे ऑफिसात बसून त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं आणि सुनेनं गावाबाहेर जमीन घेतली आणि अल्पाका पाळले. उंटाची मान, मेंढीचं अंग, आणि चेहऱ्यावर सदा काहीतरी विचारायचं राहून गेल्याचा भाव. लोकरीसाठी पाळतात म्हणे. म्हणजे मी ज्यातून सुटले, त्यात माझा मुलगा विमानानं जाऊन पडला.

त्याचा फोन यायचा रविवारी. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं ठेवतो. एकदा मात्र आठवड्याच्या मध्येच, माझ्या सकाळच्या चहाला फोन वाजला. तिकडे दुपार होती. मला वाटलं, काहीतरी वाईट झालं.

"आई, लेंड्या उचलायला काय घेऊ गं? फावड्यानं गवत खरवडलं जातं, आणि दाताळ्याच्या दातांतून सगळ्या खाली पडतात."

कितीतरी वर्षांनी त्यानं मला असं काही विचारलं होतं ज्याचं उत्तर मला येत होतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"कुठेही करतात की एका जागी?"

"एका जागी. सगळ्यांची जागा ठरलेली. कधी कधी तर एकामागे एक उभे राहतात."

"म्हणजे चाळीतलेच की रे!" मी म्हटलं, आणि तो इतका हसला की माझे कान निवले.

त्या दिवसापासून तो रोज फोन करू लागला. फोन शर्टाच्या खिशात टाकायचा आणि काम करत बोलायचा. मला त्याच्या दाताळ्याची खरखर ऐकू यायची, वारा ऐकू यायचा, त्याचा श्वाससुद्धा. मी बाल्कनीत चहा घेऊन बसायचे. सुरुवात लेंड्यांपासून व्हायची आणि मग काहीही निघायचं. हिंदमाताला त्याच्या लग्नाच्या साड्या घेताना मी दुकानदाराशी घातलेला वाद, त्याच्या वडिलांचं घोरणं. एकदा तो म्हणाला, "आई, अल्पाका एकटा ठेवत नाहीत. एकटा राहिला की खंगतो." मी म्हटलं, असं का, आणि चहा संपवला.

लेंड्या कशानं उचलायच्या याचं उत्तर मला माहीत होतं, पण ते पडताळून बघायला हवं होतं. मी लालबागच्या बाजारातून नारळाच्या हिरांचा खराटा आणला, पत्र्याची सुपडी आणली, घमेलं आणलं. दुकानदारानं विचारलं, "मावशी, सोसायटीला पाहिजे का?" मी म्हटलं, "न्यूझीलंडला."

घरी बाल्कनीतली प्लास्टिकच्या गवताची चटई हॉलमध्ये अंथरली आणि तिच्यावर काळे वाटाणे ओतले. मालवणी घरात काळे वाटाणे नाहीत असं होत नाही, आणि लेंड्या साधारण तशाच दिसतात, जरा मोठ्या एवढंच. केरसुणीनं वाटाणे नुसते उधळले. सुपडी नुसतीच सरकवली तर चटईच गोळा होऊन येत होती. पण खराट्याची दोरी जरा वर सरकवून घट्ट बांधली आणि तो तिरका धरून ओढला, की वाटाणे शहाण्या मुलांसारखे सुपडीत यायचे. दार उघडंच राहिलं होतं. समोरच्या फ्लॅटमधली बाई तिथे उभी राहून बघत होती.

"काकी, सगळं ठीक ना?"

"एकदम," मी म्हटलं. तिनं हळूच स्वतःचं दार लावून घेतलं.

खराटा धुतला, कडक उन्हात वाळवला, जुन्या साडीत गुंडाळला आणि परळच्या कुरिअरवाल्याकडे नेला. त्यानं साडीचं टोक उचलून पाहिलं आणि हात जोडले. त्या देशात झाडापाल्याची वस्तू चालत नाही, विमानतळावरच नष्ट करतात म्हणाला. मी भांडले. अरे, धुतलाय, किडा नाही, कीड नाही! शेवटी खराटा खांद्यावर टाकून चालत घरी आले. भरगर्दीत लोक मला वाट करून देत होते. मला रडू येत होतं आणि रागही, की माझं एक काम त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही.

मुलाला सांगितलं तर तो हसला. "आई, इथे एक मशीन मिळतं. पाइपनं सगळं ओढून घेतं. काम झटपट होतं. फक्त आवाज भयंकर आहे. घेऊ, की हातानंच करत राहू?"

आवाज भयंकर आणि काम झटपट, म्हणजे खिशातला फोन बंद. मला ते लगेच कळलं. हातानं केलेल्या कामाची सर मशीनला नाही, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. त्यानं ऐकलंही असतं. पण गेले काही दिवस तो वाकला की त्याच्या तोंडून एक बारीकसा आवाज येत होता, आणि तो मी खिशातून रोज ऐकत होते.

"कंबर दुखता काय रे, झिला?"

"दुखते गं थोडी."

"मग मशीन घे," मी म्हटलं.

मशीन आलं त्या दिवशी त्यानं दाखवायला व्हिडिओ कॉल केला. सुनेनं फोन धरला होता. त्यानं बटण दाबलं आणि माझं घर त्या घरघरीनं भरून गेलं. लेंड्या भराभर पाइपात शिरत होत्या. तो ताठ उभा होता, जराही न वाकता. त्या आवाजात काही ऐकू जाणार नाही हे बघून मी मोठ्यानं म्हटलं, "मला करमत नाही रे. एकदा येऊन जा."

माझे ओठ हललेले त्याला दिसले असावेत. त्यानं मशीन बंद केलं. "काय म्हणालीस आई?"

"म्हटलं, गवत अजिबात खरवडलं नाही."

खरंच नव्हतं खरवडलं.