सतरा नंबरचा बिल्ला

माझी वहिनी माणसांचे चेहरे विसरते, पिशव्या विसरत नाही. एखादा प्रवासी दोन वर्षांनी पुन्हा आला, ओळखीचं हसला, तर ती त्याच्याकडे कोऱ्या नजरेनं बघत राहते. मग त्याच्या पाठीवरची सॅक दिसते आणि ती म्हणते, "हां, डाव्या पट्ट्याला गाठ मारलेले तुम्ही." धक्क्यावर तिची सामान ठेवायची खोली आहे. माझ्या थोरल्या भावानं ती सुरू केली, तो गेल्यावर वहिनीनं चालवायला घेतली. शेजारच्या खिडकीत मी बोटीची तिकिटं विकतो. आमच्या मधल्या फळ्यांच्या भिंतीला एक फट आहे आणि त्या फटीतून आम्ही वीस वर्षं एकमेकांच्या खोड्या काढत आलो आहोत.

काम सोपं. पाठीवर संसार घेऊन फिरणारी मंडळी आमच्या मोठ्या बेटावर उतरतात. पुढची चार बेटं लहान, तिकडे जाणाऱ्या बोटीही लहान, जड सामान चढवू देत नाहीत. म्हणून मोठी सॅक वहिनीकडे टाकायची, छोट्या पिशवीत दोन कपडे कोंबायचे आणि चार दिवसांची फेरी मारून यायचं. पहिल्या बेटावर पांढरी वाळू, दुसऱ्यावर गुहा, तिसऱ्यावर धबधबा, चौथ्यावर दीपगृह. वहिनी सॅकला नंबर बांधते आणि त्याच नंबरचा पितळी बिल्ला हातावर ठेवते. बिल्ला आणला की सामान परत. बिल्ले साठ आहेत, भिंतीवरच्या फळीला साठ खिळे आहेत आणि त्यातला सतरा नंबरचा खिळा कित्येक वर्षं रिकामा आहे.

सामानाला वहिनी जिवापाड जपते. खाऱ्या हवेत चेन गंजतात, म्हणून रिकाम्या वेळात प्रत्येक चेनवर मेणबत्तीचा तुकडा घासत बसते. पण उघडणार कुठलीच नाही. "दुसऱ्याची पिशवी म्हणजे दुसऱ्याचं पोट. आत काय आहे ते त्याचं त्याला ठाऊक," असं तिचं म्हणणं. एकदा एका सॅकमध्ये गजराचं घड्याळ दोन दिवस ठणाणा करत होतं. मी फटीतून हात जोडले, तरी तिनं सॅक उघडली नाही. वर गोधडी गुंडाळून ठेवली.

सतरा नंबर एका उंच, हाडकुळ्या मुलाचा होता. आत येताना त्याचं कपाळ दाराच्या चौकटीवर ठकदिशी आपटलं, म्हणून वहिनीनं त्याला लंबू हे नाव दिलं. पाठीमागेच दिलं, समोर तो जेमतेम पाच मिनिटं होता. कपाळ चोळत हसला. बिल्ला खिशात टाकत म्हणाला, "मावशी, निळा शर्ट सगळ्यात वर ठेवलाय. शुक्रवारी आल्या आल्या लागेल. चार दिवस एकाच घामट बनियनवर काढायचेत."

"आधी तिकडे आंघोळ करून ये, मग नवा शर्ट घाल," वहिनी म्हणाली.

मग तो माझ्या खिडकीशी आला. तिकीट फाडताना मी सगळ्यांना म्हणायचो तेच त्यालाही म्हणालो, "धबधबा बघितल्याशिवाय परत यायचं नाही हं." माझं ते ठरलेलं वाक्य होतं. लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं.

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी वहिनीनं फटीतून विचारलं, "भाऊजी, लंबू आला का हो?" रविवारी पुन्हा विचारलं. सोमवारी मी बोटवाल्याला गाठलं. तो म्हणाला, उंच मुलगा तिसऱ्या बेटावर उतरला, पुढच्या बोटीला चढला नाही. आठ दिवस माणसं धबधब्याच्या वाटेवर हाका मारत फिरली. त्या वाटेला खाली खोल दरी आहे आणि पावसानं दरड सैल झालेली होती. काहीच सापडलं नाही. चौकीतून एक पोलीस आला, सॅकची आणि बिल्ल्याच्या नंबरची वहीत नोंद करून घेतली आणि "नातेवाईक आले की देऊन टाका" म्हणून गेला. नातेवाईक परस्पर दुसऱ्या बंदरातून तिसऱ्या बेटावर आले आणि तिथूनच परत गेले, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पोलिसांना वाटलं सॅक दिली असेल, आम्हाला वाटलं त्यांना कळवलं असेल. ती वही चौकीच्या कुठल्याशा खणात पडून राहिली.

पहिल्या पावसाळ्यात सॅकला कुबट वास यायला लागला. वहिनी तीन दिवस तिच्याभोवती घुटमळली. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "उघडते. लोक चोर म्हणोत नाहीतर काही म्हणोत. पोरगं आलं आणि शर्टावर बुरशी निघाली, तर मी काय तोंड दाखवू?"

तिनं एका पुठ्ठ्यावर कुठली वस्तू कुठे होती ते लिहून काढलं. कपडे धुतले, मागच्या तारेवर वाळवले, सॅकची पाठ ब्रशनं घासली, तुटलेलं बटण लावलं. मग पुठ्ठा समोर ठेवून सगळं होतं तसं भरलं. निळा शर्ट सगळ्यात वर. पुढं दर पावसाळ्यानंतर हेच.

मला ते बघवायचं नाही. मी चिडवायचो, "वहिनी, सख्ख्या दिराचा साधा रुमाल कधी धुतला नाहीत तुम्ही."

"तुम्ही कुठं हरवलात?" ती म्हणायची.

खरं सांगायचं तर तिला त्या मुलानं झपाटलं होतं. दाराच्या चौकटीला कुणाचं कपाळ आपटलं की तिच्या हातातला सुईधागा थांबायचा. उंच माणसं काय कमी येतात? दर दोन-चार दिवसांनी ठक व्हायचं आणि ती चष्मा न लावताच मान वर करायची. शर्ट धुऊन धुऊन त्याच्या खांद्यांची रुंदी तिला पाठ झाली होती. एकदा बोटीतून उतरलेल्या एका मुलाच्या मागे ती गुडघेदुखी विसरून धक्क्याच्या टोकापर्यंत पळाली. त्यानं वळून बघितलं, तेव्हा तिनं त्याला पाण्याच्या नळाची जागा दाखवली आणि परत आली.

झपाटलं मलाही होतं, पण मी ते कबूल करत नव्हतो. ते ठरलेलं वाक्य मी त्या सोमवारपासून बंद केलं. तरी तिकीट फाडताना ते घशाशी यायचं. ती सॅक म्हणूनच मला नकोशी झाली होती. आत गेलो की ती वरच्या फळीवरून माझ्याकडे बघत बसलेली असायची. पाचव्या की सहाव्या वर्षी मी आवाज चढवून म्हणालो, "द्या ना ती चौकीत नेऊन. कोण येणार आहे आता?"

वहिनीनं सुईत धागा ओवला, गाठ मारली, मग बोलली. "भाऊजी, बिल्ला बाहेर आहे तोवर माणूस यायचाय."

मग एके दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावर एक बाई खोलीत आली. पाठीवर सॅक नाही, हातात साधी पर्स. मला वाटलं, रस्ता विचारायला आली असेल. तिनं पर्समधून काही काढलं आणि टेबलावर ठेवलं. पितळेचा आवाज मला फटीतून ऐकू आला. आवाज रोजचाच होता, पण त्यानंतर वहिनीची खुर्ची सरकली नाही, म्हणून मी डोळा लावून बघितलं.

बिल्ला काळा पडला होता. कडेला माती घट्ट बसलेली. सतरा.

"मी त्याची आई," बाई म्हणाली. धबधब्याच्या वाटेवरची दरड उपसताना मजुरांना हा एवढाच सापडला होता. कसला बिल्ला म्हणून चौकशी झाली, जुनी वही निघाली आणि शेवटी तिला फोन गेला.

वहिनी उठली. स्टुलावर चढून सॅक उतरवली, चेन उघडून दिली आणि बाजूला झाली. बाईनं निळा शर्ट उचलला आणि तोंडाशी धरला. बराच वेळ धरला. मग दुसरा शर्ट घेतला, मग टॉवेल, मग मोजे. एकेक नाकाशी नेत होती आणि टेबलावर ठेवत होती. शेवटी तिनं सॅकच्या पाठीलाही नाक लावलं. मला अजून काही उमगलं नव्हतं. वहिनीला उमगलं.

"साबणाचा वास येतोय," बाई म्हणाली.

"ओल धरत होती. मी दरवर्षी..."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला धुवायला?"

वहिनी उभ्या उभ्या टेबलाला धरून राहिली. सात वर्षं तिनं ती सॅक सांभाळली होती ती जशीच्या तशी परत द्यायला. मी फटीशी उभा होतो आणि मला वहिनीची इतकी दया आली की त्या बाईचा रागच आला.

बाई स्टुलावर बसली. शर्टाचं बटण बोटानं चाचपत म्हणाली, "हे तुटलेलं होतं. निघताना मी म्हटलं, लावून देते. थांबला नाही." मग खालच्या आवाजात, "घरी त्याचं अंथरूण होतं, कपडे होते. तो ज्या दिवशी यायचा होता ना, त्याच्या आदल्या दिवशी मी सगळं धुऊन ठेवलं. येणार म्हणून. एक रुमालसुद्धा सोडला नाही. मला वाटलं होतं, इथं तरी काहीतरी राहिलं असेल."

वहिनी तिच्या शेजारी खाली, जमिनीवर बसली. गुडघे दुखत असताना ती कधी खाली बसत नाही. तिनं लंबूची ती पाच मिनिटं सांगितली, कपाळ आपटलं ते, निळ्या शर्टाचं, आंघोळीचं. बाईनं ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा कपाळाशी ती किंचित हसली. "घरीही आपटायचा. रोज," ती म्हणाली.

बोटीची वेळ झाली तशी वहिनीनं कपडे भरायला घेतले. पुठ्ठ्याकडे बघायची आता तिला गरज नव्हती. चेन लावून तिनं सॅक पुढं केली. बाईनं सॅक घेतली नाही. टेबलावरचा बिल्ला उचलला.

"हा त्याच्या खिशात होता," ती म्हणाली. "हा कुणी धुतलेला नाही. मी नेऊ का?"

"बिल्ला नेलात तर सामान मला देता येत नाही," वहिनी म्हणाली. तोंडातून नियमच निघाला.

"नकोच द्यायला. राहू दे इथं." बाई दारात थांबली. "आणि धुवत जा. ओल धरायला नको."

तिनं परतीचं तिकीट माझ्याच खिडकीत काढलं. तिच्या मुठीत बिल्ला होता, म्हणून पैसे डाव्या हातानं दिले. धबधब्याचं ते वाक्य मी तिच्या मुलालाही म्हणालो होतो, हे तेव्हा मला तिला सांगता आलं असतं. मी तिकीट फाडलं, वेळ सांगितली आणि धक्का दाखवला. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, वहिनीलाही नाही. तिला बहुतेक माहीत आहे. फट दोन्ही बाजूंनी ऐकते.

यंदा वहिनीला स्टुलावर चढवत नाही. पाऊस थांबल्यावर तिनं फटीतून पुठ्ठा माझ्याकडे सरकवला. मी चिडवलं नाही, तिनंही मला टोमणा मारला नाही. दुपारी खिडकी बंद करून मी सॅक उतरवली, कपडे धुतले, तारेवर घातले. वाळल्यावर वहिनी खुर्चीतून बघत होती आणि मी एकेक घडी घालून भरत होतो. मोजे कडेला, टॉवेल खाली. निळा शर्ट मी शेवटी ठेवला, सगळ्यात वर. आल्या आल्या लागेल त्याला.