साठ पावलं दक्षिणेला

तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ऑफिसातल्या शिपायालाही ते चटकन आठवलं नसतं. गावाच्या भूमापन कार्यालयात, तळमजल्यावरच्या नकाशांच्या खोलीत तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. जुने नकाशे सांभाळायचे, फाटले तर मागून पातळ कापड चिकटवायचं, कोणी मागितलेच तर त्यांची नक्कल काढून द्यायची, हे तिचं काम. बाई नाकावर माशी बसू देणारी नव्हती. कोणी "साधारण इतकं असेल" म्हणालं की ती तोंडावर विचारायची, "साधारण म्हणजे किती?"

घरीही तीच तऱ्हा. नवरा बंदरातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेला, मोठा गमत्या माणूस. "लग्नाआधी हिने माझी उंची मोजून घेतली होती," असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

"खोटं आहे," ती म्हणायची. "पलंग करायला टाकायचा होता, म्हणून मोजली."

गाव समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर वसलेलं होतं. उत्तरेला एक किनारा, दक्षिणेला दुसरा आणि टोकाला दीपगृह. मोजणीबाईचं घर दक्षिण किनाऱ्यावरच्या बारा घरांच्या रांगेत, सातवं. थोरली बहीण, म्हणजे ताई, उत्तरेच्या गल्लीत राहायची. दोघी बहिणी रविवारी भेटायच्या, भांडायच्या आणि पुढच्या रविवारची वाट बघायच्या.

मग एका वर्षी गावाच्या कारभाऱ्यांच्या मनात आलं की शंभर वर्षांत समुद्राने आपली किती जमीन खाल्ली ते एकदा बघावं. एक नवी इंजिनिअर नेमली गेली. पोरगी हुशार, सारखी घाईत, आणि तिला जुने नकाशे वाचता येत नाहीत हे तिने पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं. मोजणीबाईला ती तिथेच आवडली. काम साहजिकच मोजणीबाईकडे आलं.

काम ऐकायला सोपं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा पारदर्शक कागदावर उतरवायचा, किनारा निळ्या शाईने. आजचा नकाशा दुसऱ्या कागदावर, किनारा लाल शाईने. मग खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर दोन्ही कागद एकमेकांवर ठेवायचे, की कुठे काय हललं ते उघड दिसतं. अडचण एवढीच की कागद ठेवायचे कसे? त्यासाठी दोन्ही नकाशांत जागची न हललेली खूण लागते, आणि खरं तर अशा दोन खुणा तरी हव्यात. पण जकातीची इमारत जळून गेली होती, धक्का नवा बांधला होता आणि जुनी विहीर कुठल्या तरी दुकानाखाली गडप झाली होती. उरलं एकटं दीपगृह. जुन्या नकाशातही दीपगृह, आजच्या नकाशातही दीपगृह. मोजणीबाईने दीपगृहावर दीपगृह ठेवलं, उत्तर दिशा जुळवली आणि दिवा लावला.

निकाल तिला स्वतःलाच बघवला नाही. उत्तरेचा किनारा पासष्ट पावलं आत आला होता आणि लाल रेघ ताईच्या गल्लीच्या पार दारापर्यंत पोचली होती. दक्षिणेची जमीन उलट वीस पावलं वाढलेली. इंजिनिअरने अहवाल लिहिला: उत्तरेची गल्ली लवकरात लवकर रिकामी करावी, घरं पाडावीत आणि तिथे दगडी बांध घालावा.

त्या रविवारी ताईने दारातच तिला अडवलं. "चाळीस वर्षं मी या दारात बसते. समुद्र एक पाऊल पुढे आलेला नाही. तुझा कागद काय म्हणतो ते मला सांगू नकोस."

"ताई, माणसं विसरतात. कागद विसरत नाही."

"मग जा, कागदाशी बोल," ताई म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तीन महिने तिच्या तोंडाला कुलूप. वाटेत दिसली तर ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मोजणीबाई वरून खंबीर होती. आतून तिला फार लागलं होतं. पण रेघ ती रेघ. अठ्ठावीस वर्षांत तिची एकही रेघ चुकली नव्हती, आणि बहीण रुसली म्हणून रेघ सरकवणाऱ्यांतली ती नव्हती.

गल्ली रिकामी करण्याचा ठराव शुक्रवारच्या सभेत मंजूर व्हायचा होता. सोमवारी इंजिनिअरला वरून किनाऱ्याचे फोटो हवे होते, म्हणून दोघी दीपगृह चढल्या. पोरगी अर्ध्यातच धापा टाकायला लागली. मोजणीबाई सवयीने पायऱ्या मोजत होती. तिला जिना दिसला की मोजल्याशिवाय चढताच यायचं नाही. शहाण्णव झाल्या आणि जिना संपला.

ती वरच उभी राहिली. जुन्या नकाशाबरोबर त्या वेळच्या मोजणीदाराची एक वही होती. त्या माणसालाही बहुधा तिच्यासारखीच खोड असावी. वहीत त्याने लिहिलं होतं: दीपगृह, पायऱ्या एकशे बारा.

"काय झालं?" इंजिनिअरने विचारलं.

"काही नाही. तू फोटो काढ," मोजणीबाई म्हणाली.

सोळा पायऱ्या जमिनीत जात नाहीत, आणि जुन्या मोजणीदाराला मोजता येत नव्हतं असं म्हणण्याची तिची छाती नव्हती. म्हणजे हा मनोराच वेगळा होता. मग जुना कुठे? दुपारी ती दीपगृहाच्या दक्षिणेला असलेल्या दोरखंडवाल्याच्या आवारात गेली. तिथे दगडाचा एक गोल ओटा होता. दोरखंडवाला त्यावर वेटोळी रचायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना बसवायचा. ती स्वतः त्या ओट्यावर पन्नासदा तरी बसली असेल. "वीस वर्षांत एकदाही डोकं चाललं नाही माझं," असं पुटपुटत तिने दोरखंड बाजूला करायला लावले, फीत काढली आणि ओट्याची रुंदी मोजली. वहीत दीपगृहाच्या पायाची रुंदी लिहिलेली होती. तंतोतंत तीच.

जुनं दीपगृह आजच्या दीपगृहापासून बरोबर साठ पावलं दक्षिणेला होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नकाशांच्या खोलीचं दार आतून लावलं आणि निळ्या रेघेचा कागद साठ पावलं दक्षिणेकडे सरकवला. उत्तरेच्या रेघा जवळजवळ एकमेकींवर येऊन बसल्या. शंभर वर्षांत फक्त पाच पावलं! ताई खरं बोलत होती. मोजणीबाईच्या जिवात जीव आला, ती एकटीच मोठ्याने हसलीसुद्धा. मग तिची नजर खाली दक्षिणेकडे गेली. तिथली वाढलेली वीस पावलं कुठेच नव्हती. उलट चाळीस पावलं गेली होती. उगाच का कोणी मनोरा हलवतो? समुद्र दक्षिणेकडून खातोय हे जुन्या लोकांना दिसलं होतं, म्हणून तर त्यांनी तो तिथून उचलून उत्तरेला बांधला. लाल रेघ बारा घरांच्या मागच्या कुंपणाला चिकटली होती. तिने सातवं घर शोधलं, स्वयंपाकघरावर पट्टी ठेवली आणि अंतर वाचलं. मग पट्टी पुसून पुन्हा ठेवली. आकडा तोच आला.

संध्याकाळी नवरा टेबलपंखा उघडून बसला होता. तिने त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

"आपल्याकडे किती वर्षं आहेत?" त्याने विचारलं.

"दोन मोठी वादळं. फार तर पाच वर्षं."

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"आणि तू गप्प बसलीस तर?"

"तर ताईचं घर विनाकारण पडेल आणि आपलं आपोआप पडेल."

"मग यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"अठ्ठावीस वर्षं, अहो. एकही रेघ..."

"म्हणजे दुःख घराचं नाही, रेघेचं आहे!"

"दोन्हीचं आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून त्याने पेचकस खाली ठेवला. त्या घराच्या खिडक्या तो खाऱ्या वाऱ्याशी भांडत दरवर्षी स्वतःच्या हाताने रंगवायचा.

"इंजिन बिघडलेलं माहीत असताना मी एकही बोट समुद्रात सोडली नाही," तो म्हणाला. "तू कशी सोडशील? जा, सांगून टाक."

शुक्रवारी सभागृह खच्चून भरलं होतं. उत्तरेची अख्खी गल्ली आली होती, आणि तिसऱ्या रांगेत ताई, तोंड फिरवून. अध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला तेवढ्यात मोजणीबाई उठली. तिने दोन्ही कागद फळ्यावर लावले, पायऱ्यांचं सांगितलं, ओट्याचं सांगितलं आणि कागद सरकवून दाखवला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "एका खुणेवर नकाशा जुळवू नये, हे मी नव्या लोकांना शिकवते आणि मीच तसं केलं. इंजिनिअरबाईंचा यात काही दोष नाही. उत्तरेची गल्ली सुरक्षित आहे. दक्षिणेची बारा घरं रिकामी करावी लागतील."

मग गल्लीतल्या लोकांनी टाळ्यांचा असा काही कडकडाट केला की अध्यक्षांचा चष्मा घसरला. म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. ठराव रद्द झाला. दक्षिणेच्या लोकांना वर्षभराची मुदत आणि नव्या जागा देण्याचं तिथेच ठरलं. इंजिनिअर धावत आली आणि म्हणाली, "मला जुने नकाशे वाचायला शिकवा. उद्यापासून."

या गोंधळात ताई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती उठून फळ्यापाशी गेली होती. नाक कागदाला लागेल इतकी वाकून ती दक्षिणेच्या रांगेवर बोट ठेवून घरं मोजत होती. एक, दोन, तीन. सातव्या घरावर बोट थांबलं. तिने मान वळवली.

"हे तुझं घर आहे."

तीन महिन्यांनंतरचे तिचे ते पहिले शब्द होते.

"हो," मोजणीबाई म्हणाली.

"तुला हे कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी कळलं आणि तरी आज इथे येऊन उभी राहिलीस?"

मोजणीबाईने मान डोलावली. ताईने पदराने नाक पुसलं आणि धाकटीचं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसंच घट्ट.

"मागची खोली मी उद्याच रिकामी करते," ती म्हणाली. "नव्या जागेबिगेचं मला सांगू नकोस. तुम्ही दोघं माझ्याकडे राहायचं."

भरल्या सभेत चूक कबूल करताना जिचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, ती मोजणीबाई तिथेच, सगळ्यांसमोर, ताईच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडायला लागली.