गोदाच्या फोटोत माझं तोंड

आता स्वतःची फजिती स्वतःच सांगायची म्हणजे… बरं, सांगतो. पण चहाचा घोट गिळून घ्या आधी, ठसका लागेल!

सोलापुरात माझा फोटोचा धंदा नवा होता. गिऱ्हाइकाला 'हसा' म्हटलं की ते उलट घाबरायचं. म्हणून मी एक युक्ती काढली होती. कॅमेऱ्यावरच्या काळ्या फडक्यातून बाहेर यायचं आणि आपणच गोड हसायचं. समोरचा नकळत तसंच तोंड करतो, आणि तोंड हसलं की मनालाही बरं वाटतं. करून बघा की!

एके दिवशी मोहोळचे आप्पा लेकीला, गोदाला, घेऊन आले. दोन स्थळं मोडलेली. तिसरं होटगीचं, मुलगा रेल्वेत.

"फोटो लई झ्याक आला पायजे," आप्पा म्हणाले. "पोरीचं नशीब तुमच्या हातात हाय."

हातात कुठलं हो, तोंडात होतं! आणि तोंडात माझा सुळा ठणकत होता. गोड हसायला गेलो आणि अशी कळ आली! ओठ एका बाजूला वर, एक डोळा बारीक. नेमकं तेव्हाच मी कॅमेऱ्याचं टोपण काढून फोटो घेतला. समोर गोदाचं काय झालं ते मला कसलं दिसतंय!

बरं, फोटो छापताना तरी दिसावं? तेव्हाही मी तसंच तोंड करून बसलो होतो. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही!

आठ दिवसांनी आप्पा पत्र घेऊन दुकानात हजर. मुलाच्या आईनं कळवलं होतं, 'फोटो बघून माझेच दात ठणकायला लागले. मुलीचं दुखणं लपवू नये.'

"माझी पोर दातानं ऊस सोलती वो!" आप्पांचे डोळे भरून आले. "हे बी स्थळ गेलं की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुजलेलं तोंड घेऊन तसाच होटगीला गेलो. मुलाच्या आईनंच दार उघडलं. मी बोलायच्या आत बाईंचा ओठ वर गेला, डोळा बारीक झाला.

"अगं बया! फोटोतलं त्वांड तुमचं हाय व्हय?"

"व्हय, आई. पोरीचे दात खणखणीत हायत."

बाई पोट धरून हसल्या आणि मला लवंग दिली. स्थळ जमलं!

लग्नाचा फोटोही मीच काढला. तोवर सुळा उपटला होता. खिंडार दिसू नये म्हणून ओठ गच्च मिटून कॅमेऱ्यामागं उभा राहिलो.

तो फोटो आजही होटगीला सोप्यात टांगलाय. नवरा-नवरी आणि चाळीस वऱ्हाडी, सगळ्यांचे ओठ गच्च मिटलेले. नवा पाहुणा दबक्या आवाजात विचारतो, "कोण गेलं वो?"

गोदा सांगते, "फोटोवाल्याचा सुळा!"